बारशाला आलेले पिवळे पाहुणे

बारशाच्या सकाळी हेमांगीच्या बाळाने दुपटं ओलं केलं. त्यातून पिवळा सदरा घातलेला एक माणूस उठला आणि थेट पाटावर जाऊन बसला.

"कोण हो तुम्ही?" हेमांगीने विचारलं.

"प्रेग्नेनट्रायोल. बाळाच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत हवा तो हॉर्मोन बनतच नाही. कच्चा माल तुंबतो, त्याचा शेवटी मी होतो आणि लघवीतून बाहेर पडतो."

"मग बाळ असं मलूल का?"

"अंगात मीठ टिकत नाही त्याच्या. औषध आहे. आजच दवाखान्यात न्या."

"भरलं बारसं टाकून?" सासूबाई पुढे आल्या. "दृष्ट लागलीय मेली!"

त्यांनी रिकामी मूठ बाळावरून उतरवली. उघडली तर मिठाने गच्च भरलेली. ते त्यांनी विस्तवावर टाकलं. "बघ, कसं तडतडतंय!" बाळ तेवढंच हलकं झालं. नातवंडावर जीव होता हो त्यांचा, म्हणून तर त्यांनी लगेच दुसरी मूठ उतरवली.

दर ओल्या दुपट्यातून एकेक पिवळा पाहुणा निघत होता. सगळ्यांना बसता यावं म्हणून हॉल लांबत गेला. दार पार गल्लीच्या टोकाइतकं लांब गेलं. बायका पाळणा म्हणतच होत्या.

हेमांगीचा नवरा विश्राम घसा खाकरून म्हणाला, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. तुझ्या माहेरचं असेल."

"अर्धं हिच्याकडून, अर्धं तुमच्याकडून," सगळे पाहुणे एकदम बोलले.

सासूबाईंनी पुन्हा मूठ उचलली. हेमांगीने त्यांचं मनगटच धरलं.

"बास! माझ्या बाळाचं मीठ आहे ते. आता एक खडा जरी जाळलात ना, तर याद राखा!"

"सासूशी असं बोलतात?"

"आज बोलतात!"

तिने बाळाला उचललं. बारा दिवसांचं लेकरू, पण ओढणीएवढंही वजन लागेना. ती दाराकडे निघाली. वाटेत बाळ पुन्हा ओलं झालं, नवे पाहुणे ओळीने बसले, दार आणखी मागे सरकलं.

"सरक, किती सरकायचं ते सरक," ती दाराला म्हणाली. "मी काय थांबते होय!"

ती पळायलाच लागली. बाळंतपणाचे टाके ओढत होते, मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. बाळाने डोळे उघडले, तिच्या मानेवरचा खारट घाम चाटला, आणि पुन्हा जीभ बाहेर काढली.