उरलंसुरलं

"आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं?"

समोरच्या स्टुलावरचा गृहस्थ छाती पुढे काढून म्हणाला, "उपाशीपोटी घ्यायची."

"बरोबर. मग परवा चक्कर येऊन पडलात कसे?"

"दिवसभर उपाशी होतो ना! संध्याकाळी घेतली गोळी."

"अहो, दिवसभर कशाला? नाश्त्याच्या आधी घ्यायची होती."

"म्हटलं, पोट कसं नीट उपाशी होऊ दे. अर्धवट काम आपल्याला जमत नाही."

मागे पिशवी धरून उभी असलेली त्याची बायको खुदकन हसली. "त्यांचं असंच आहे, बाई. एकदा सांगितलं की टोक गाठायचं."

गोळीबाईंनी एक लांब श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

गोळीबाईंचं खरं नाव हजेरीपटाला माहीत होतं. बाकी अख्ख्या रुग्णालयात त्या गोळीबाई. घरी सोडलेल्या रुग्णाला त्याची औषधं समजावून सांगायची आणि तो ती स्वतःच्या तोंडानं परत सांगेपर्यंत त्याला उठू द्यायचं नाही, ही त्यांची नोकरी. खोली जिन्याखालची. आधी तिथं मोडके पलंग ठेवायचे. आता एक टेबल, एक खुर्ची आणि एक स्टूल. स्टूल रुग्णाचं. बरोबर आलेली बाई पिशवी घेऊन उभी राहायची, कारण दुसऱ्या स्टुलाची मागणी वरच्या मजल्यावर कुठंतरी विचाराधीन होती.

इतकी वर्षं शिकवून गोळीबाईंना एकच गोष्ट कळली होती. माणूस ऐकतो सगळं, पण करतो स्वतःचं. दम्याचा फवारा एकानं डास मारल्यासारखा घरभर मारला होता, "एकट्यानं कशाला, सगळ्यांनाच बरं वाटू दे" म्हणून. एका आजीला 'औषध मुलांपासून दूर ठेवा' असं सांगितलं, तर तिनं गोळ्या समोरच्या घरात नेऊन ठेवल्या. रोज तीनदा ती तिकडं जायची, पोटभर गप्पा मारायची आणि गोळी न घेताच परत यायची. तिचा रक्तदाब मात्र उतरला होता. गोळीबाईंनी यावर फार विचार करायचं टाळलं.

त्या उपाशी गृहस्थाला घालवून होतंय तोच दारात मेट्रनबाई उभ्या.

"रुग्णालय तपासायला समिती येतेय," त्या म्हणाल्या. घराला आग लागलीय हे माणूस ज्या सुरात सांगेल, त्या सुरात. "सभागृहात एक रुग्ण उभा करायचाय. त्यानं आपली औषधं घडाघडा सांगायची. नाहीतर ही खोली परत पलंगांना."

"मग घेऊ की कोणीही. रोज इतके येतात."

"कोणीही? आत्ता गेला तो? त्यानं समितीपुढं तोंड उघडलं तर पलंगांबरोबर मलाही इथंच आणून ठेवतील." मेट्रनबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "तुमचे सासरे मास्तर होते ना? नुकतंच हृदयाचं झालंय ना त्यांचं?"

"मॅडम, ते घरचे..."

"घरचे म्हणूनच. आपल्या हातातले."

मास्तर आजवर कोणाच्या हातात राहिले नव्हते, पण हे ऐकून ते इतके खूश झाले की हृदयाला मानवेल की नाही अशी शंका यावी. निवृत्त झाल्यापासून त्यांना श्रोते मिळत नव्हते. बागेतले म्हातारे त्यांना लांबून बघूनच बाक बदलायचे.

"औषधं नुसती सांगून चालणार नाही, सूनबाई," ते म्हणाले. "आवाजात चढउतार पाहिजे. लघवीची गोळी खालच्या सुरात. रक्त पातळ ठेवणारी गोळी जरा ठासून. लोकांच्या अंगावर काटा आला पाहिजे."

"बाबा, लोकांचं राहू द्या. तुम्ही घेताय ना वेळेवर?"

"पाकीट बघ की!"

गोळीबाईंनी पाकीट बघितलं. बघण्याची त्यांना सवयच होती. जितक्या गोळ्या संपायला हव्या होत्या तितक्या संपल्या होत्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. असा रुग्ण त्यांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

मग रोज दुपारी जेवणाच्या टेबलाशी तालीम सुरू झाली. मास्तर उभे, श्रोत्यांत सासूबाई एकट्या. गोळीबाईंचा नवरा फिरतीच्या नोकरीवर, त्या स्वतः कामावर. संध्याकाळी घरी आल्या की त्यांना वृत्तांत मिळायचा.

"आज तुझी सासू मध्येच उठून कुकर बंद करायला गेली. वर्गात असती तर बाकावर उभी केली असती."

"भात करपला असता," सासूबाई म्हणाल्या. "मग करपलेला कोणी खाल्ला असता? मीच ना?"

हे मात्र खरं होतं. त्या घरात उरलंसुरलं संपवायचं खातं सासूबाईंकडं होतं. तळाचा भात, कालचं वरण, कोणी अर्धं खाऊन ठेवलेलं केळं. मास्तर अर्धा कप चहा प्यायचे आणि उरलेला डावीकडं सरकवायचे. डावीकडं सासूबाई बसायच्या. त्यांनी स्वतःसाठी म्हणून पूर्ण कप कधी ओतून घेतलेला कोणी बघितला नव्हता. सुट्टीत आलेल्या नातवाला टॉनिक आवडलं नाही, बाटली यांनी संपवली. मास्तरांच्या खोकल्याचं औषध उरलं, खोकला नसताना यांनी संपवलं. "टाकायचं म्हणजे जिवावर येतं गं," त्या म्हणायच्या. गोळीबाईंनी सुरुवातीला दोन-चारदा तोंड वाजवलं. मग बाटल्या संपल्या आणि तो विषयही संपला.

एकदा भांडी घासताना सासूबाईंची बाही वर सरकली. दंडावर चांगला तळहाताएवढा निळा डाग.

"आई, हे काय?"

"दाराची कडी लागली असेल."

"आणि हा मनगटावरचा?"

"कडी काय एकच असते का घरात? तू जेव आधी. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी बघतेस, घरात तरी नको डोळे फाडून बघूस."

गोळीबाई दमल्या होत्या. त्यांनी डोळे फाडायचे थांबवले आणि जेवल्या.

समितीच्या आदल्या दिवशी सासूबाईंचं डोकं फडताळाच्या उघड्या दारावर आपटलं. टेंगूळ आलं. मास्तर म्हणाले, "दार अंगावर आलं की हीच दारावर गेली?" आणि स्वतःच हसले. सासूबाईही हसल्या. रात्रीचं उरलेलं खायला मात्र त्या नको म्हणाल्या. आज जेवावंसं वाटत नाही, डोकं जड झालंय. घरातल्या कोणाच्या लक्षात राहावं असं हे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. समितीत तीन जण, तिघांच्या चेहऱ्यावर वरणासारखं पातळ हसू. मास्तर इस्त्री केलेल्या शर्टात, गुळगुळीत दाढी करून, हनुवटीवर एक ओरखडा नाही. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून तिसऱ्या रांगेत. कोपऱ्यात कॅमेरा. गोळीबाई भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. खोली राहते की जाते ते आता मास्तरांच्या जिभेवर होतं.

मास्तरांनी सभागृह जिंकलं. लघवीची गोळी खालच्या सुरात आली, रक्तदाबाची मधल्या. मग ते दोन पावलं पुढं आले.

"आणि ही," त्यांनी चिमटीत नसलेली गोळी उंच धरली, "ही रक्त पातळ ठेवते. रोज, ठरल्या वेळी. अंगावर निळे डाग उठले तर? डॉक्टर! हिरड्यांतून रक्त आलं तर? डॉक्टर! डोक्याला मार लागला, मग तो कितीही किरकोळ असो, तर?"

"डॉक्टर!" समितीतला एक जण न राहवून ओरडला. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत सासूबाई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. त्यांना सगळं पाठ होतं.

समितीच्या बाईंनी विचारलं, "आजोबा, कधी गोळी राहिली तर?"

"आमच्या घरात गोळी राहत नाही," मास्तर म्हणाले. "आमच्या घरात काहीच वाया जात नाही."

पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांत सासूबाईंची मान डोलता डोलता एका बाजूला गेली आणि तिथंच राहिली. शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसलं. मान सरळ होईना.

मास्तरांनी ते वरून बघितलं. हातातली संधी त्यांनी कधी सोडली नव्हती. "माझं भाषण सुरू झालं की आमच्या मंडळींना झोप लागते. ही सवय फार जुनी आहे!"

सभागृह खदखदून हसलं. समिती हसली, मेट्रनबाई डोळे पुसपुसून हसल्या. गोळीबाईसुद्धा हसल्या. हसतच सासूबाईंना उठवायला गेल्या, आणि त्यांच्या हनुवटीखाली हात घालून चेहरा वर केला.

बाकीचे नंतरही थोडा वेळ हसत होते.

रुग्णालयातच होतं सगळं, त्यामुळं वेळ लागला नाही. म्हणजे तपासणीच्या खोलीत पोचायला लागला नाही. तरुण डॉक्टरनं पापण्या उघडून बघत विचारलं, "काही औषधं चालू आहेत यांना?"

हा प्रश्न गोळीबाईंचा होता. जगात कोणाला याचं उत्तर बिनचूक देता येणार असेल तर त्यांना.

"नाही," त्या ठामपणे म्हणाल्या. "कसलंही औषध नाही."

"रक्त पातळ करणारं वगैरे?"

"डॉक्टर, मी त्यांची सून आहे. त्या साधी गोळीसुद्धा घेत नाहीत."

डॉक्टर नवखा होता आणि गोळीबाईंना ओळखत होता. त्यानं मान हलवली. सुई टोचली तिथून रक्त येत राहिलं. कापूस बदलला, आणखी कापूस बदलला. स्कॅनमध्ये डोक्यात रक्त दिसलं. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, गोळीबाईंनी पुन्हा नाही म्हटलं. या वेळी जरा चिडूनच. मग दंडावरची बाही कोणीतरी वर केली.

गोळीबाई तशाच बाहेर आल्या. बाकावर मास्तर बसले होते, गळ्यात समितीनं घातलेला हार.

"बाबा, रक्त पातळ ठेवायची गोळी तुम्ही घेताय ना?"

मास्तर हारातली फुलं चाचपू लागले.

"बाबा, मी काय विचारलं?"

"दाढी करताना कापलं होतं एकदा. रक्त थांबेचना," ते म्हणाले. आवाजात चढउतार नव्हता. "एवढ्या लोकांपुढं हनुवटीला कापूस लावून उभं राहायचं का? म्हटलं, तेवढी एक राहू दे. समिती झाली की करू सुरू."

"आणि पाकीट?"

"मी टाकायलाच निघालो होतो. ती म्हणाली, महागाचं औषध, टाकायचं कशाला." त्यांनी हार काढला, पण ठेवायचा कुठं ते न कळून हातातच धरला. "रोज घ्यायची. मी वेळसुद्धा सांगायचो तिला. एकदाही चुकवली नाही."

गोळीबाई आत धावल्या. त्या गोळीवर उताऱ्याचं इंजेक्शन असतं, हे त्याच शिकवायच्या. ते भांडारात होतं. भांडाराची किल्ली ज्याच्याकडं होती तो समितीच्या चहापानाला गेला होता. तो सापडला, इंजेक्शनही सापडलं, दिलंही. पण उतरायला हवं ते सगळं आधीच चढून बसलं होतं. सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. औषध त्यांच्याइतकं शिस्तीत अख्ख्या रुग्णालयात कोणी घेतलं नव्हतं.

गोळीबाई कामावर परतल्या तेव्हा मेट्रनबाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. फार वाईट झालं म्हणाल्या. मग घसा साफ केला.

"एक चांगली बातमी आहे, खरं तर आता सांगू नये. समितीनं पैकीच्या पैकी दिले. खोली आपलीच राहिली. आणि दुसरं स्टूल मंजूर झालं, नातेवाइकांसाठी."

"बरं."

"आणि तो व्हिडिओ बाहेर टीव्हीवर लावलाय, लोकांना शिकायला. शेवट कापलाय, काळजी करू नका."

शेवट कापला होता. बाकी सगळं होतं. पैसे भरायच्या खिडकीतल्या माणसाला गोंगाट सहन व्हायचा नाही, म्हणून आवाज बंद ठेवला होता. पडद्यावर मास्तर नुसते ओठ हलवत होते, आणि खालच्या कोपऱ्यात, तिसऱ्या रांगेत, एक बाई मान डोलवत होती. व्हिडिओ संपला की पुन्हा लागायचा. ती पुन्हा डोलवायची.

त्या दिवसापासून गोळीबाईंनी शेवटी एक प्रश्न जोडला. "तुमच्या घरात उरलेलं कोण संपवतं?"

पहिल्याच रुग्णाला त्याचं हसू आलं. "औषधाचं बोला की, बाई! उरलेलं कोण संपवणार? ही." त्यानं न वळताच अंगठा मागं केला. मागं उभी असलेली बायकोही हसली.

"ताई, तुम्ही बसा. ते स्टूल तुमचंच आहे."

"असू दे, असू दे," ती म्हणाली. तिनं पिशवी अलगद नव्या स्टुलावर ठेवली आणि स्वतः तिच्या शेजारी उभी राहिली.

संध्याकाळी घरी आल्यावर गोळीबाईंनी चहा टाकला. मास्तर टेबलाशी बसले होते. दाढी वाढली होती, तालीम बंद होती. गोळी आता ते गोळीबाईंच्या समोर घ्यायचे, तोंड उघडून दाखवायचे. त्यांनी अर्धा कप चहा घेतला आणि बशीसकट डावीकडं सरकवला. तिथं खुर्ची होती. चहावर हळूहळू साय धरली.

 मग मास्तरांनी कप उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकवला.

"घे गं, सूनबाई," ते म्हणाले. "वाया कशाला घालवायचा?"

गोळीबाईंचा हात पुढं गेला. कप कोमट होता. तो ओठांपर्यंत आला, तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. त्या उठल्या, मोरीपाशी गेल्या आणि मास्तरांच्या देखत त्यांनी तो चहा ओतून दिला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग कप विसळून पालथा घातला, आणि नळ तसाच चालू ठेवून उभ्या राहिल्या.