चौदाची लेन्स

"चोवीस एमएमची घेतलीस तर आकाशगंगा निम्मीच मावेल. चौदाची सगळी धरते," पेणचा कॅमेरे विकणारा शिवा दोन्ही लेन्स काउंटरवर ठेवत म्हणाला. "पण माणसांवर नको लावू. कडेची तोंडं ताणली जातात."

"ताऱ्यांना कुठलं तोंड?" दिनानाथ हसला आणि चौदाची घेऊन रोह्याला परतला.

पासपोर्टचे नि लग्नांचे फोटो काढण्यात त्याचा जन्म गेला होता. आता उतारवयात आभाळाचे फोटो काढायचा नाद लागला होता. पण अमावास्येला अवकाश होता, आणि नव्या लेन्ससाठी हात शिवशिवत होते.

तेवढ्यात नदीपलीकडच्या अष्टमी गावात फरझानाचं लग्न निघालं. अंगण चिंचोळं, माणसं मावेनात. दिनानाथनं चौदाची चढवली. सगळं घर एका फोटोत! अगदी कडेला, नणंदेच्या खांद्यावर हात ठेवून नवरीची आई अमीना उभी होती. तिचा चेहरा पसरट दिसतोय, हे त्याला दिसलं. तरी त्यानं बटण दाबलं.

फोटो न्यायला अमीना स्वतः आली. तिचा नवरा महमूद कुवेतला. त्याला रजा मिळाली नव्हती. तिकडे निघालेल्या भाच्याच्या हाती या फोटोची एक प्रत धाडायची होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"दिनाभाऊ, मी अशी दिसते काय ओ?"

दोष लेन्सचा, एवढंच सांगायचं होतं. पण मग 'ती लावलीत कशाला?' हेही आलं असतं.

"वयानं होतं तसं थोडं, भाभी," तो बोलून गेला.

"व्हय. आरशात कळत नाय." ओढणी गालांवर ओढून घेत ती पायऱ्या उतरली.

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. आभाळाकडेही बघवेना. शेवटी कॅमेऱ्याला जुनी, साधी लेन्स लावून तो पूल ओलांडून अष्टमीला गेला.

"भाभी, तुमचं तोंड तसं नाय. लेन्सनं ताणलंय. मला तेव्हाच ठाऊक होतं. खोटं बोललो मी. बसा, नवीन काढतो."

अमीना चहा टाकायला उठली. 

"ऱ्हाऊ दे आता. फोटो पोचला त्यांना. फोनवर विचारत होते, तू कुठं हायस यात? मी बोलले, पाहुण्यांना वाढत होते."

दिनानाथनं भिंतीकडे पाहिलं. तिथे त्याच फोटोची दुसरी प्रत चौकटीत होती, तीही कडेला कात्रीनं नीट कापलेली. शेवटी नणंद उभी होती, आणि तिच्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात तेवढा राहिला होता.