मास्तरांची शाबासकी

वकीलबाईंनी आरशासमोर हात पुढे केला आणि कोटाचा खांदा थेट कानाला भिडला.

"न्यायाधीशांना कागद तोंडात धरून देऊ का मी?" त्या म्हणाल्या. "मास्तरांच्या दुकानात माझे कोट तुम्हीच शिवायचात ना? तेव्हा कसे बसायचे!"

माझं दुकान उघडून तेरा दिवस झाले होते आणि हे पहिलंच गिऱ्हाईक. मी तीनदा बाही उसवली, तीनदा लावली. खांदा आपला कानाशीच.

बटणांची काजं करायला मला मावशीने शिकवलं. टाका जरा हलला की बोटांवर पट्टी आणि "पुन्हा!" तिचा मला भयंकर राग यायचा. मास्तर म्हणजे देवमाणूस. मी बाही लावून घरी जायची. सकाळी येऊन बघावं तर मास्तर कोट पुतळ्यावर चढवून उभे. "वा! काय बसलीय! तुझ्या हाताला तोड नाही." नऊ वर्षं मी हरभऱ्याच्या झाडावर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोट घेऊन त्यांच्याकडे गेले. माझ्या जागी आलेली मुलगी अजून यायची होती. मास्तर तिने लावलेली बाही उसवत बसले होते.

"चुकली?"

"रोजच चुकते."

"मग तिला सांगत का नाही?"

मास्तरांनी पुढचा टाका उसवला.

"माझ्या बाह्या?"

"त्याही."

"नऊ वर्षं?"

"तुझ्यासारखी काजं कोण करतं गं? बाही जमली असती तर दुसऱ्याच दिवशी दुकान थाटलं असतंस."

"थाटलंच की, मास्तर. न जमता थाटलं."

बोलता बोलता त्यांनी त्या मुलीची बाही बोटभर पुढे वळवली आणि हाताने जोडून टाकली. मी पहिल्यांदाच बघत होते. बोटभर. एवढंच होतं ते. माझे डोळे भरून आले, आणि त्यांच्यासमोर आले याचीच चीड आली.

तेवढ्यात ती मुलगी आली. मास्तरांनी तिचा कोट पुतळ्यावर चढवला. "वा! काय बसलीय!" ती अशी फुलली की मला राहवेना.

"ही बाही तुझी नाही," मी म्हणाले. "तुझी उसवून त्यांनी लावलीय. माझ्याही अशाच लावायचे. ये, दाखवते."

मी तिचा हात धरला. तिने तो झटकन सोडवून घेतला.

"माझं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही का, ताई?"

ती जाऊन मास्तरांच्या शेजारी उभी राहिली. तिच्या जागी मी असते तर मीही तिथेच उभी राहिले असते.