पत्रक क्रमांक बेचाळीस

"सांगा बघू आता, काय काय कळलं?"

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि त्या समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. संशोधन संस्थेच्या तीन मजल्यांची झाडलोट त्यांच्याकडे होती. पण गेली अकरा वर्षे त्यांच्याकडे आणखी एक काम होते, ज्याचा पगार कुणी देत नव्हते. संस्थेतून रुग्णांसाठी निघणारे प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी मावशींना मोठ्याने वाचून दाखवले जाई आणि मावशी ते आपल्या शब्दांत परत सांगत. त्या जिथे अडखळतील तिथे दोष वाक्याचा, मावशींचा नव्हे, असा नियम होता. हा नियम पत्रके लिहिणाऱ्या बाईचा. डॉक्टरांचे अवघड लिखाण साध्या माणसाला समजेल असे करून देणे ही तिची नोकरी होती आणि म्हणून सगळी संस्था तिला 'सोपंबाई' म्हणे. आधी चेष्टेने, मग सवयीने.

"हे बघा," मावशी एकेक बोट दुमडत म्हणाल्या, "मेंदूच्या पार आतला एक भाग असतो, तो हळूहळू झिजत जातो. हे आईबापाकडून येतं. दोघांपैकी एकाला असलं तर पोराला येईल नाहीतर नाही येणार, निम्मं-निम्मं. बरं, लहानपणी काहीच नसतं. बहुतेकांना चाळिशीच्या आगेमागे सुरू होतं. माणूस चिडका होतो, हातातल्या वस्तू पडतात."

"छान. पुढे?"

"पुढे बसल्या जागी बोटं हलायला लागतात, हवेत टाइप केल्यासारखी. आणि त्याला स्वतःला पत्ताच नसतो. दुसऱ्याच्याच लक्षात येतं. तुमच्या डाव्या हाताचं होतं ना, तसं."

तिने हाताकडे पाहिले. डावा हात कागदावर शांत पडून होता.

"आत्ता नाही," मावशी म्हणाल्या. "वाचताना हलत होती. तुम्ही वाचत असलात की हलतात."

मग आपण काय बोलून बसलो ते मावशींच्या ध्यानात आले. त्या घाईघाईने उठल्या. "अहो, माझं आपलं काहीतरी. सवय असते एकेकाला. आमचा जावई नाही का, दिवसभर पाय हलवतो. त्याच्या मेंदूला काय धाड भरली आहे? मेंदू वापरला तर झिजेल ना." स्वतःच्याच विनोदावर त्या हसल्या, झाडू उचलला आणि जिना झाडायला गेल्या.

तिने पत्रक पुन्हा समोर ओढले. एकोणीस वर्षे आणि एक्केचाळीस पत्रके. साखरेचा आजार, हृदयाची झडप, रक्तातल्या गाठी, सगळे तिने सोपे केले होते. भीतीचे वाक्य कधी एकटे सोडायचे नाही, त्याच्या मागोमाग हाताला धरायला काहीतरी द्यायचे, ही तिची पद्धत. 'वेळेवर गोळी घेतली तर आजार आटोक्यात राहतो.' 'लवकर कळले तर शस्त्रक्रिया करता येते.' या बेचाळिसाव्या पत्रकात मात्र धरायला फारसे काही सापडेना. बोटांची ती हालचाल कमी करणारी औषधे होती, आजार थांबवणारे नव्हते. तेव्हा तिने नेहमीचे वाक्य घातले होते, 'यावर जगभर संशोधन सुरू आहे.' हे वाक्य तिने आजवर किती पत्रकांत घातले असेल देव जाणे. आज ते वाचताना पहिल्यांदाच तिला लिहिणाऱ्याचा राग आला.

आणि त्या रागामागून वडील आठवले.

वडील दारू पीत. गल्लीत सगळ्यांना माहीत होते. चालताना झोकांड्या जात, कप हातातून सुटे, ताट भिरकावले जाई. ती शाळेतून येताना ते समोरून दिसले की ती रस्ता बदले. ते वारले तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि आपल्याला रडू येत नाही याचेच तिला बरे वाटले होते. पण दारूचा वास? ती आठवू लागली. खूप आठवून पाहिले. घरात बाटली कुठे असे? वडिलांच्या तोंडाला वास यायचा का? तिला काही म्हणजे काही आठवेना.

ती कागद घेऊन तडक वरच्या मजल्यावर गेली. या आजारावर काम करणाऱ्या डॉक्टर वयाने तिच्याहून बऱ्याच लहान होत्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधत बसणाऱ्या.

"थोडं विचारायचं होतं," ती म्हणाली. "पत्रकासाठी. समजा एखाद्या बाईला तिच्या वडिलांना काय झालं होतं हेच नक्की माहीत नाही. तिने काय करायचं?"

"तिच्यात काही क्लिनिकल मॅनिफेस्टेशन..." डॉक्टर थांबल्या. तिची शिस्त त्यांना ठाऊक होती. "म्हणजे, तिला स्वतःला काही त्रास होतोय का?"

"बोटं हलतात, असं लोक म्हणतात."

"बोटं हलायला वीस कारणं असतात. थायरॉइड, औषधं, नुसती धास्तीसुद्धा. आधी तपासायचं. मग रक्ताची चाचणी आहे, तिच्यात हो किंवा नाही असं स्पष्ट कळतं. पण चाचणीआधी समुपदेशकाशी बोलायचं. कारण एकदा कळलं की ते परत न कळलेलं करता येत नाही. बऱ्याच जणांना नाहीच कळून घ्यायचं, आणि तो त्यांचा हक्क आहे."

"आणि तिला मुलगी असेल तर?"

"त्या बाईला आजार असेल तर मुलीला निम्मी शक्यता. तुम्हीच किती सुंदर लिहिलंय ते, प्रत्येक मुलासाठी नाणं नव्याने उडवलं जातं. मी माझ्या भाषणात वापरणार आहे."

त्या वाक्यावर ती दोन दिवस खूश होती. आता ते तिला ऐकवेना. टेबलाचा कोपरा धरून ती उभी राहिली. डॉक्टरांची नजर तिच्या हातावर गेली, तिथे जरा जास्त वेळ थांबली आणि मग त्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला.

"मॅडम, हे पत्रकासाठीच विचारताय ना?"

"हो तर," ती म्हणाली.

"बरं. त्या बाईला सांगा, कधीही या. अपॉइंटमेंट नको. आणि एकटीने येऊ नका म्हणावं."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती भावाकडे गेली. तिच्याहून तीन वर्षांनी लहान असलेला भाऊ शिलाई मशिने दुरुस्त करी. दोन माणसे जेमतेम मावतील एवढे दुकान, भिंतीभर सुटे भाग, हवेत मशीनच्या तेलाचा वास. लग्न केले नव्हते त्याने. स्थळे सांगून येत तेव्हा म्हणायचा, माझं लग्न मशिनींशी झालंय, त्या निदान बंद करता येतात. यावर सगळे हसत. तीही हसे.

"बाबा दारू पीत होते का?" तिने आल्या आल्याच विचारले.

भावाच्या हातात स्क्रू होता. तो त्याने डबीत नीट ठेवला, डबीचे झाकण लावले.

"बस ताई."

"नाही बसत. सांग."

"थेंब नाही घेतला त्यांनी आयुष्यात. आईने उठवलं होतं ते. बाबांची आई आणि तिचा काकाही असेच गेले होते, त्या घराण्यात आहे हे, असं तेव्हा कुणीतरी डॉक्टर तिला म्हणाला होता. आई म्हणाली, दारुड्याच्या मुलीचं लग्न तरी होतं. जाण्याआधी मला सांगितलं तिने सगळं."

"म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी. आणि तू मला बोलला नाहीस."

"तुझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती, ताई. काय बोलणार होतो? व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझं व्हायचं होतं, ते मी थांबवलं."

ती खाली बसली. लग्न न करण्यामागे काहीतरी असेल असे तिला कधी वाटलेच नव्हते, इतका तो विनोद तिच्या अंगवळणी पडला होता. एकाएकी तिला त्याची, वडिलांची आणि स्वतःची फार दया आली. ज्या माणसाला आपण रस्ता बदलून टाळले, तो माणूस आजारी होता. त्याला सावरायला हात द्यायला हवा होता.

"तू रे? तुला काही?" तिने शेवटी विचारले.

"रोज सकाळी दुकान उघडलं की पहिली सुई ओवून बघतो. एका फटक्यात ओवली की त्या दिवसापुरता सुटलो." तो जरासा हसला. "आज ओवली."

"आणि माझं?"

भाऊ तिच्याकडे न बघता बोलला. "दोन वर्षं झाली. आधी वाटलं, मलाच भास होतायत. मी घाबरट आहेच. मग तू माझ्याकडे तीनदा कप फोडलास."

"तू म्हणालास कपच निसरडे आहेत."

"हो. मग मी स्टीलचे आणले."

घरी परतताना ती बसमध्ये उजव्या हाताने डावा हात घट्ट धरून बसली. शेजारच्या बाईने विचारले, लागलंय का. ती हो म्हणाली. लेकीला सांगायचे की नाही, एवढा एकच प्रश्न डोक्यात घुमत होता. सांगितले तर पोरीच्या चोवीस वर्षांच्या आयुष्यात आपल्या हाताने विष कालवल्यासारखे. न सांगितले तर आईने केले तेच आपण करणार, आणि उद्या पोरीने कुणाशी संसार मांडला, तिला मूल झाले, की तीही कुणाला तरी विचारणार, मला का नाही बोललात. नवऱ्याला जाऊन आठ वर्षे झाली होती. विचारायला माणूस नव्हते. उतरायचा थांबा आला तरी आणखी एक थांबा ती तशीच बसून राहिली आणि मग मागे चालत आली.

लेक चष्म्याच्या दुकानात काम करी. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे बारीक काम. नुकतीच घरी येऊन चहा करत होती.

"आज लवकर? डॉक्टरांनी पत्रक नापास केलं वाटतं."

"गॅस बंद कर आणि इकडे बस," ती म्हणाली.

आजवर कुणालाही काही समजावताना तिच्याकडे आधी मसुदा असे. आज काहीच नव्हते. ती मधूनच बोलू लागली, मग मागे गेली, आजोबांवरून मामावर आली, पुन्हा आजोबांवर गेली. एकाच वाक्यात तीन गोष्टी आल्या, 'कदाचित' हा शब्द पाच-सहा वेळा आला. बोटे हलायला वीस कारणे असतात हे तिने दोनदा सांगितले. माझी चाचणी व्हायची आहे, काहीच नक्की नाही, हेही सांगितले. तिच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट समजावणे होते ते.

"मला फार भीती वाटतेय गं," ती शेवटी म्हणाली. "माझी नाही एवढी. तुझी."

स्वयंपाकघरात अर्धवट उकळलेला चहा निवत होता. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होते.

"आजोबांना कितव्या वर्षी सुरू झालं?" लेकीने विचारले.

"चाळिशीत असावं. मामाला विचारू या."

लेकीने मान हलवली. तिने मनात केलेली वजाबाकी आईला चेहऱ्यावर दिसली. मग तिने हळूच दोन्ही हात टेबलावर ठेवले, पंजे उघडून, बोटे पसरून, आणि ती त्यांच्याकडे पाहू लागली. हात अगदी स्थिर होते. नखांच्या कडेला काच घासल्याची पांढरी पूड होती. आईही पाहत राहिली. बराच वेळ झाला तरी लेक हात उचलेना.