सावलीचं डोकं

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या चैत्रात, भरदुपारी, सापगावातल्या गवताच्या रिकाम्या वखारीपुढे माणसं नुसती चेंगरत होती. छायानाथ महाराज मेलेल्यांना बोलावून दाखवतात, अशी हूल शहापूरपासून मुरबाडपर्यंत उठली होती.

आत दारं बंद, फटींत पेंढा कोंबलेला. समोर पांढरं धोतर ताणलेलं, त्याच्यामागे दिवा. पहिल्या ओळीत गिरजा बसली होती. तिची थोरली गोदी चार वर्षांची असताना तापानं गेली, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून गिरजा रडली नव्हती, हसलीही नव्हती. भात लावायचं, भाकऱ्या थापायच्या, लोक म्हणतील तिकडे जायचं. महाराजांनी धाकटी ठकू मठाच्या सेवेला मागितली, तेव्हाही तिनं नुसती मान हलवली.

ठकूला शाळेतून काढणार हे कळताच तिचे देवराम गुरुजी आले होते. ते भिंतीला टेकून उभे होते.

"ये गोदे, ये! आईला भेट!" महाराज गरजले. "ॐ ह्रीं फट्, स्वर्गाचं दार झट्!"

धोतरावर सावली पडली. लहानगी पोर, दोन शेंड्या. बाया हुंदके देऊ लागल्या. गिरजाला काही वाटलं नाही. तिनं फक्त ठकूचा हात धरला.

गुरुजी पुढे झाले. हातातली बांबूची कामटी त्यांनी सावलीच्या डोक्याला लावली, मग डोक्यापासून पायापर्यंत मोजत गेले. त्या उंचीत डोकं पाच वेळा बसलं.

"हात नका लावू! कोप होईल!" महाराज ओरडले आणि घाईनं पुढचा मंत्र धरला. "बघा, पोर वर वाढतेय! आता बारा वर्षांची!"

सावली मोठी होत होत गिरजाएवढी झाली. गुरुजींनी पुन्हा मोजलं.

"गिरजाबाई, आताही पाचच. ठकू, इकडं ये गो." त्यांनी ठकूला मोजलं. "नऊ वर्षांची पोर, हिच्यात डोकं सहा वेळा बसतं. माणूस वाढतं तेव्हा अंग जास्त वाढतं, डोकं कमी. सगळं एकाच पटीनं वाढलं, तर ते वाढणं नव्हे. तेच चित्र मोठं झालं."

"गुरुजी, मला नाय कळत," गिरजा म्हणाली.

गुरुजींनी धोतर खाली ओढलं. मागे दिवा, आणि महाराजांचा चेला हातात वीतभर पुठ्ठ्याची बाहुली धरून बसलेला.

"ही दिवा आणि पडदा यांच्या मधोमध धरली की सावली दुप्पट. दिव्यापासून पाव अंतरावर आणली की चौपट. मंत्र नको, तंत्र नको. घरी चिमणीच्या दिव्यापुढं हात धरून बघा."

कुणीतरी दार उघडलं. चेला पळाला, महाराज त्याच्यामागे. माणसं शिव्या देत धावली.

गिरजा बाहुलीकडे बघत राहिली. "मंग माझी गोदी?"

"गोदी गेली, बाई," गुरुजी हळू म्हणाले. "ठकू आहे."

गिरजाचे डोळे कोरडेच राहिले. ती ठकूला घेऊन निघाली. बाहेर तिच्या पाड्यावरची काशी उन्हात उभी होती. काशीचा मुलगा गेल्या पावसात वाहून गेला होता.

"दिसली का गो तुझी पोर?"

"नाय. पुठ्ठा होता," गिरजा म्हणाली. "तुजा पोरगा पन नाय दिसायचा, काशे. कोनी दाखवतो म्हनला, तर आधी पडद्यामागं जाऊन बघ."

मग तिनं ठकूला पुढे घातलं. "चल. सकाळी शाळा हाय."