वीतभर जागा

नेलिदाने भिंतीत उभा मिटलेला पलंग खाली ओढला आणि तो न्हाणीघराच्या दाराला जाऊन भिडला. तिने टेप लावली. वीतभर जास्त. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"तुझ्या कंप्युटरात तर मावला होता," स्टुलावर बसलेले तिचे वडील तेओफिलो म्हणाले.

"बाबा, गप्प बसा हो जरा."

लिमातल्या नव्या इमारतींमधल्या खुराड्याएवढ्या घरांसाठी नेलिदा असेच पलंग आखायची. दिवसा टेबल, रात्री बिछाना, पोटात कपाट. जागाच नाही असं कुणी म्हटलं की तिला चेव यायचा. आता स्वतःच्याच घरात बापासाठी मात्र तिचं डोकं चालेना. एका भिंतीला शेगडी, दुसरीला खिडकी, तिसरीला जिना. उरली ही चौथी. सगळं करून झालं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, की हा हिवाळाही तेओफिलोंनी आपल्या सुतारकामाच्या कारखान्यातल्या भुशात झोपून काढला, तर फुप्फुसं हात टेकतील.

"दार बंद झालं तर झालं," ती म्हणाली. "रात्रीपुरतंच तर."

"रात्री तीनदा उठतो मी. खिडकीतून जाऊ?"

"मग आखूड करू? एवढे ताडमाड तुम्ही, गुडघे दुमडून झोपायला मांजर आहात का?"

"पाय काप. करवत आहे माझ्याकडे."

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. तेओफिलोंनी तिच्या हातातली टेप काढून घेतली.

"खोलून दे. कारखान्यात नेतो. बघू."

लिमाच्या बीया एल साल्वादोर वस्तीतल्या सुतारगल्लीत तेओफिलोंच्या एका सवयीची थट्टा व्हायची. पलंग कोणासाठी, हे विचारल्याशिवाय ते रंधा हातात घेत नसत. काम संपलं की खालच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने झोपणाऱ्याचं नाव लिहीत. नेलिदाच्या लहानपणच्या पलंगाखाली तिचं होतं.

शनिवारी ते पलंग घेऊन आले, स्वतःच जोडला आणि पट्टा ओढला. पलंग अलगद उतरला. न्हाणीघराचं दार सताड उघडलं.

"बाबा! कसं केलंत?"

"चाळीस वर्षं काय माशा मारल्या? जा, खालचे स्क्रू आवळ. माझी कंबर वाकत नाही."

नेलिदा पेचकस घेऊन खाली सरकली. गुणगुणतच तिने पहिला स्क्रू आवळला, दुसरा आवळला. मग मधल्या पट्टीवर तिला ते ओळखीचं, आता थोडं थरथरलेलं अक्षर दिसलं. 'मायते.' तिच्या आठ वर्षांच्या मुलीचं नाव. मायते अजून आईबापाच्या मध्ये झोपायची.

वर फळ्या करकरल्या.

"आजोबा, माझे पाय टोकापर्यंत पोचत नाहीत!"

"पोचतील. वाढायला जागा ठेवलीय."

"मग तुम्ही कुठे झोपणार?"

"माझा आहे की पलंग. कारखान्यात. तिथे पाय कसे, पार रस्त्यापर्यंत पसरता येतात."

मायते खिदळली. तेओफिलोंना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबली नाही. नेलिदाला खालून त्यांचे फक्त बूट दिसत होते, दाराच्या दिशेने वळलेले. काहीतरी बोलायला हवं होतं. पण पाचवी भिंत कुठून आणायची?

"नेली, झाले का गं स्क्रू?"

"एक राहिलाय, बाबा," ती म्हणाली. "थांबा. निघू नका."

सगळे आवळून झाले होते. तिने पहिल्यालाच पुन्हा पेचकस लावला.