जुनं कार्ड, नवा डोंगर

मी एक ग्राफिक्स कार्ड बोलतोय, आणि जरा घाईत बोलतोय, कारण स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं, हा माझा धंदा. मी जरा थबकलो की माणसं लगेच म्हणतात, "झालं, हँग झालं!"

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला तापवून, दमवून पाहिलं आणि मगच पुढे धाडलं. तेव्हाच्या खेळांचं जे ग्राफिक्स मानक होतं, ते मला पूर्ण येत होतं. मानक म्हणजे खेळ आणि कार्ड यांच्यातली ठरलेली बोली. खेळ म्हणतो, "इथे धुकं हवं," की मी धुकं काढतो. माझ्या खोक्यावर ते ठळक अक्षरांत छापलं होतं, आणि दुकानाच्या काचेत मी त्याची मिजास मिरवत बसलो होतो.

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्याने. दिवसभर लोकांच्या चष्म्यांची भिंगं घासायची आणि संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसायचं, असा त्याचा नेम. मला बसवलं त्याच्या धाकट्या भावाने. तो दुसऱ्या गावी अँब्युलन्स चालवायचा, पण असल्या कामाला हटकून यायचा. दोघं मिळून एकच खेळ खेळत. डोंगरातून मालाचा ट्रक पार न्यायचा. थोरला आपल्या घरून ट्रक चालवायचा, धाकटा त्याच्या घरून वाट दाखवायचा. पिवळं जाकीट घातलेला एक इवलासा माणूस पुढे पुढे चालतोय, असा मी त्याला काढायचो.

मग त्यांचे वडील आजारी पडले. ते गेले तेव्हा धाकटा दुसऱ्याच कुणाच्या तरी वडिलांना घेऊन दवाखान्याकडे धावत होता. तो घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. थोरल्याने दारातच त्याला सुनावलं, "पाहुण्यासारखा उशिरा आलास, पाहुण्यासारखाच जा."

तो गेला. फोन बंद झाले. थोरला खेळायचाही थांबला. मी नुसती हिशेबाची पानं दाखवत कुढत होतो.

एका संध्याकाळी त्याने सहज खेळ उघडला, आणि खेळातल्या पुलापाशी पिवळं जाकीट उभं! थोरला कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने ट्रक सुरू केला. पडद्यावर धाकट्याचा एकच शब्द उमटला, "डावीकडे." थोरल्याने डावीकडे घेतलं.

तेव्हापासून रोज हेच. "थांब." "दरड आहे." "हळू." याहून जास्त एक अक्षर नाही. त्या दोघांना बांधणारा दोरा आता माझ्यातून जात होता, म्हणून माझा जीव सारखा टांगणीला. पंखा जरा घरघरला तरी वाटायचं, आज बंद पडलो तर?

बंद पडलो नाही. त्याहून वाईट झालं. खेळवाल्यांनी जाहीर केलं की नवी आवृत्ती येतेय, जुनी बंद होणार, आणि नवीला नवं ग्राफिक्स मानक लागेल.

थोरल्याने माझ्यासाठी नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. ड्रायव्हर म्हणजे मला नव्या गोष्टी समजावणारं सॉफ्टवेअर. त्याची बायको मागे उभी होती. तिने विचारलं, "काय चाललंय?"

"ड्रायव्हर बदलतोय."

"ड्रायव्हर बदलून काय होणार? गाडी तीच ना!"

मला फार लागलं ते. पण नव्या ड्रायव्हरने खरंच काही गोष्टी शिकवल्या. उमेद वाटली. नवी आवृत्ती उघडली, डोंगराची कड दिसू लागली, मी जिवाच्या आकांताने धावलो, आणि पडदा काळा झाला. थोरल्याने सूचना मोठ्याने वाचली, "आवश्यक मानक तुमच्या ग्राफिक्स कार्डवर चालत नाही." चित्र बारीक करून पाहिलं, सावल्या काढून टाकल्या. पुन्हा तीच सूचना.

"मग भावजींना फोन करा," बायको म्हणाली.

"कशाला?" एवढं बोलून तो उठला.

पुढच्या काही संध्याकाळी तो कॉम्प्युटर लावायचा, बंद करायचा, खिडकीपाशी जायचा, परत यायचा. आणि एकदा बायकोचा फोन वाजला. धाकटा इतक्या घाईने बोलत होता की मलाही ऐकू आलं. "वहिनी, दादा बरा आहे ना? मी नव्या खेळातही रोज पुलापाशी थांबतो, तो येतच नाही."

तिने फोन नवऱ्याच्या कानाला लावला.

थोरल्याने घसा खाकरला. "कार्ड चालत नाहीये."

"मी बसवलेलं?"

"तेच."

"ड्रायव्हर?"

"घातला नवा. तरी नाही म्हणतंय."

"नाहीच म्हणणार रे दादा. नव्या मानकात प्रकाशाचा किरण न् किरण मोजावा लागतो. ड्रायव्हर शिकवेल तेवढं शिकलं बिचारं, पण ती सोय चिपमध्येच नाही. नसलेल्या बोटात अंगठी कशी घालणार?"

मला राग आला. पण बोलला ते खरं होतं.

मग धाकट्याने विचारलं, "येऊ का?"

"ये," थोरला म्हणाला. तेवढ्या एका अक्षराला त्याला केवढा दम लागला!

तो आला, नवं कार्ड आणि त्याला पुरेल एवढी वीज देणारा पॉवर सप्लाय घेऊन. मला काढून त्याने टेबलावर अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलं. थोरला मोबाइलचा उजेड धरून उभा होता.

"त्या दिवशी मी बोललो ते..."

"उजेड नीट धर, दादा."

तेवढ्यात धाकट्याच्या हातून स्क्रू निसटला. दोघं टेबलाखाली शोधायला वाकले. स्क्रू माझ्याच शेजारी, वर्तमानपत्रावर पडला होता. मला दिसत होता. त्यांना वर यायला मात्र फार वेळ लागला, आणि आले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते.

नव्या कार्डाने डोंगर दाखवला. ओल्या रस्त्यात ट्रकचे दिवे चमकत होते. माझा नुसता जळफळाट झाला. बायको डोकावून म्हणाली, "डोंगर तोच आहे की. भिजलाय तेवढा!" तिला मी मनातल्या मनात शंभर वर्षांचं आयुष्य दिलं.

धाकटा म्हणाला, "हे जुनं मी नेतो. मुलीच्या कॉम्प्युटरला लावतो. तिचे खेळ जुन्या मानकाचे आहेत, त्यांना हे झकास चालेल." मी हरखलो. आणि तो मला विसरून गेला.

थोरल्याने फोन केला तर म्हणाला, "असू दे, रविवारी येतो न्यायला." रविवारी आला, जेवला, गप्पा मारल्या, पुन्हा विसरला. त्यानंतरही तेच. आता तर मला शंका येते की हा विसरत नाही, विसरल्यासारखं करतो. थोरलाही आठवण करून देत नाही.

मी कपाटावर पिशवीत पडून आहे. नवं मानक मला कधी येणार नाही, हे मी मान्य केलंय. पण जे येतं ते अजून चोख येतं, आणि तिकडे ती मुलगी अडखळत्या चित्रांवर दिवस काढतेय! धाकट्या, आता तरी मला ने. आणि मला नेल्यावर दादाकडे काय म्हणून यायचं, अशी चिंता असेल, तर काही म्हणू नकोस. नुसता ये.